पोटाचा कडू अर्क (लिव्हरचा नाही!!)

गटारी झाली की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, अगं तुझा तो लिव्हरवाला अर्क थोडा देतेस का. आधीच सांगते, तो पोटाचा आहे, लिव्हरचा नाही, आणि बनतोच मुळी दारूत, त्यामुळे ज्याचं लिव्हर खरंच बिघडलंय त्याने त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

मुख्य माल म्हणजे काडेचिराईत, एका कडूजहर वनस्पतीच्या वाळलेल्या काड्या, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. सोबत सुंठ, बडीशेप, संत्र्याची वाळलेली साल. सगळं मिळून 50 ग्रॅम जाडसर कुटायचं, काचेच्या बरणीत घालायचं आणि वर 250 मिली साधी वोडका, आपल्याकडे ती बहुतेक 42.8 टक्क्यांची असते, तेवढी पुरते. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट किंवा हार्डवेअरवालं स्पिरिट चुकूनही नाही हं, ते विष आहे. आणि मुंबईच्या पावसाळी हवेत वाळलेल्या काड्यांनासुद्धा बुरशी धरते, म्हणून वास घेऊन, कुरकुरीत मोडतायत ना बघूनच घ्या. बरणी अंधाऱ्या कपाटात, रोज एकदा हलवायची, चार ते सहा आठवडे, मग मलमलच्या कापडातून पिळून ब्राऊन ड्रॉपर बाटलीत.

जेवणाआधी दहा-पंधरा थेंब थोड्याशा पाण्यात. चव भयंकर आहे पण नाक दाबून गटकन गिळू नका, कडू जिभेला लागलं की लाळ सुटते, पाचक रस सुटायला मदत होते, गंमत सगळी त्या कडूपणातच आहे.

आता लिव्हर. यात गुळवेल घाल, कुटकी घाल असं लोक फार सांगतात. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची माहिती छापली होती, आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद आपण सोडवणार नाही, पण मी घालत नाही. काविळीसारखं काही वाटलं तर सरळ डॉक्टर आणि ब्लड टेस्ट, थेंब मोजत बसायचं नाही. गरोदर बायका, लहान मुलं यांना नाहीच, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको कारण चिराईताने शुगर आणखी खाली येऊ शकते.

आमच्या सासूबाईंना यातलं काहीच पटत नाही, त्या ओवा नि काळं मीठ चावून वर गरम पाणी पितात आणि मोकळ्या होतात.