इतवारी ते नागभीड: छोट्या लाइनीचं रिकामं स्टेशन कसं वाचायचं

नागपूरच्या इतवारी स्टेशनापासून नागभीडपर्यंतची ही छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची नॅरोगेज, 1908 साली बंगाल नागपूर रेल्वेने सुरू केली आणि ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांच्या, कामासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये ती बंद झाली. तिच्यावरच्या, उमरेडच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर आम्ही सकाळी सातलाच पोचलो. दिवाळीनंतरचेच दिवस निवडा. पावसाळ्यात गवत कमरेला लागतं, खडी दिसत नाही आणि त्या खडीत साप असतात. पायात जाड बूट हवेत. सोबत टेप, मऊ ब्रश आणि खडू.

रूळ उचलून नेले तरी लाइन सापडते, कारण खडीत स्लीपरांच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांच्या, खाचा राहतात. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर पाच फुटांचा, ब्रॉडगेजचा नऊ फुटांचा. खाच मोजली की शंका उरत नाही. एखादा तुकडा जागेवर असेल तर दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या: 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मग रुळाच्या उभ्या बाजूवरची माती झाडा आणि खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा. उठावाची अक्षरं पांढरी होऊन वर येतात: कारखाना, वर्ष, वजन. गंज जोरात खरवडू नका, पापुद्र्याबरोबर अक्षरंही जातात.

लाइन स्वस्तात झाली ती या अडीच फुटांमुळे. वळणं आखूड, पूल हलके, भराव अरुंद. पुढे तिला अडवलं तेही याच अडीच फुटांनी. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर चढत नाही, त्यामुळे पुढे जाणारं प्रत्येक पोतं उतरवून दुसऱ्या डब्यात भरावं लागे. ट्रक थेट दारात येऊ लागल्यावर ही दुहेरी हमाली कुणाला परवडणार?

तिकीटखिडकीपाशी मात्र वेळ काढा. पुठ्ठ्याचं तिकीट साधारण 57 बाय 30 मिलिमीटरचं असे. प्रत्येक गावाची थप्पी कपाटाच्या वेगळ्या कप्प्यात, तिकीट ओढायचं ते खालून. मग यंत्रात दाबलं की कडेवर तारीख उठे. तिकिटांना ओळीने नंबर असत. रात्रीच्या नंबरातून सकाळचा वजा केला की त्या गावाला किती तिकिटं गेली ते कळे. हे आकडे लिहिलेल्या वह्या जपल्या असत्या, तर इथले बाजार, यात्रा, लग्नसराई सगळं त्यांत सापडलं असतं. त्याची फार हळहळ वाटते.

काम चालू असलेल्या भरावावर चढू नका. सुटा बोल्ट किंवा फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) आठवण म्हणूनही उचलू नका. ती रेल्वेची मालमत्ता आहे, नेणं गुन्हा ठरतो. लोखंड जवळून पाहायचंच असेल तर परतताना नागपुरात मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय गाठा. 2002 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात छोट्या लाइनीची इंजिनं आहेत. चाकांमधलं अंतर तिथेही मोजून बघा.