सरपटणाऱ्यांचं राज्य

कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत एका सापाचे मणके सापडले. 2024 साली शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं, वासुकी इंडिकस. सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचं हे जनावर, लांबी अंदाजे 11 ते 15 मीटर. म्हणजे खळ्यात शेपूट ठेवलं तर तोंड थेट मागीलदारी. थंड रक्ताला एवढं वाढायचं तर उकाडा हवा. तो उकाडा कायम राहून राज्यही त्यांचंच झालं असतं, तर राजधानी कुठे? रत्नागिरी. मे महिन्यातल्या घामावर दुसऱ्या कुणी हक्क सांगू नये.

कचेऱ्या अर्थातच सड्यावर. कातळ तापेपर्यंत साहेब हलणार नाहीत, आणि फार तापला की साहेब गडग्याच्या फटीत. (हे वेळापत्रक आजही कुठे कुठे चालतं, पण ते असो.) आषाढात ऊनच नाही, तेव्हा सगळ्या राज्याला सुट्टी. पोलीसखातं फुरशांकडे. जेमतेम हातभर जनावर, पण वेटोळं घालून अंगाचे करवती खवले एकमेकांवर घासायला लागलं की ती खरखर ऐकून भलेभले मुकाट रांगेत उभे राहतात.

माणूस असलाच तर वाशांवर, दिव्याभोवतीचे पतंग मटकावत. त्यांच्या लेखी आपण निव्वळ खादाड. सारख्या वजनाच्या सरड्याच्या साधारण दहापट खाणं सस्तन प्राण्याला लागतं. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं नि भात, रात्री पुन्हा भात, आणि त्यातलं बरंचसं जाळायचं कशासाठी, तर नुसतं अंग गरम ठेवायला! एक भेकर गिळून कित्येक आठवडे स्वस्थ पडणारी अजगरीण हे ऐकून पोरांना सांगेल, ‘असल्यांच्या नादी लागू नका.’

पंचांगात पाल अंगावर कुठे पडली की काय फळ, ते छापतात. त्यांच्याकडे मनुष्यपतन असेल. माणूस पालीच्या शेपटीवर पडल्यास: शेपूट जाईल, नवं येईल, चिंता नसावी.

आणि जुन्या घराच्या जोत्यापाशी एखादा म्हातारा माणूस दिसला तर त्याला मारायचं नाही, तो राखणदार. श्रावणात त्याच्यापुढे दूध ठेवतील. सापाला दूध पचत नाही तरी आपण ठेवतोच की! आपल्याला निदान पचतं. तरी सोबत हळदीच्या पानातल्या दोन पातोळ्या ठेवल्या, तर राखण जरा मनापासून होईल.