भावाच्या नाकातली गाठ आणि लॅबची खिडकी

लॅबच्या त्या खिडकीचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

धाकट्या भावाची एक नाकपुडी बंद, मधूनच रक्त. गोंदियाहून त्याला मुंबईला आणलं. उपनगरातल्या एका नर्सिंग होमने तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आला 'पॅपिलोमा'. ही गाठ कर्करोगाची नसते, पण इन्व्हर्टेड प्रकारची असेल तर पुढे बिघडू शकते. लगेच मोठ्या ऑपरेशनची भाषा सुरू झाली.

महापालिकेच्या रुग्णालयात डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि आधी विचारलं, "तळ्यात अंघोळ करतोस का रे?" लालभडक कोंब, त्यावर बारीक पांढरे ठिपके. त्यांना राइनोस्पोरिडिओसिसचा, म्हणजे तळ्याच्या पाण्यातून लागणाऱ्या एका जंतूने नाकात गाठ होण्याच्या आजाराचा, संशय आला. हा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, वाढत नाही, निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. "स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या." ब्लॉक म्हणजे तपासलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात तो.

इथे गाडी अडली. तुकडा तपासलेल्या लॅबच्या खिडकीवरची बाई म्हणाली, रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक देत नाही. मग म्हणाली, डॉक्टरांचं पत्र आणा. पत्र नेलं, तर पेशंटची सही हवी. भाऊ रोवणीसाठी गावी परतलेला. त्याने सही करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कागद चालेना, मूळ प्रत हवी. ती पोस्टाने आली, तर साहेब रजेवर. मी तिथेच बाकावर बसून राहिले. माझ्या भावाच्या नाकातला तुकडा, आणि मीच हात जोडायचे! शेवटी लेखी नकार मागितला, तेव्हा आतून डबी आली. बोटाच्या पेराएवढा मेणाचा ब्लॉक.

त्यातून खोलवरचे नवे काप घेतल्यावर जाड भिंतीच्या गोल पिशव्या दिसल्या, आत बीजाणू खच्चून भरलेले. पहिल्या वेळचे काप वरवरचे होते. दुर्बिणीने गाठ काढून बुडखा जाळला, आता डॅप्सोन नावाचं औषध चालू आहे. ती गोळी सुरू करण्याआधी जी-६-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी करून घ्या. गाठ परत येऊ शकते, म्हणून नाक दाखवत राहावं लागतं.

तुकडा देतानाच सहीचं अधिकारपत्र करून ठेवा. आणि केसपेपरवर गाव, तळं, विहीर हे लिहायला लावा, लॅबला तेवढं कळलं तरी नजर वेगळी पडते. आईने भावाचं ताट वेगळं केलं होतं, त्याची गरज नाही. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही.

वयात येणाऱ्या मुलाच्या नाकात गाठ असून रक्त येत असेल, तर तुकडा काढू देण्याआधी स्कॅनचं विचारा. अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, निघाली तर तुकडा घेताना रक्त आवरत नाही.