कडी लागली एकदाची!

बाथरूमची कडी गेले दोन पावसाळे धड लागत नव्हती. दार जरा उचलायचं, खांद्याने रेटायचं आणि मग कडी सरकवायची, हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. पण परवा पाहुणे आत अडकले आणि बायकोने फर्मान काढलं.

काल हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी गाठली. टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची कडी, मागितला तर दुकानदार म्हणाला, "किती इंची?" मी हाताने माप दाखवलं. त्याची ती नजर! (जाताना जुनी कडी खिशात टाकून न्या.) शेवटी 6 इंची स्टीलचे दोन बोल्ट, मुख्य दारासाठी 10 इंची अल्ड्रॉप (कुलूप लावता येतं ती मोठी कडी) आणि दोन हँडलं घेतली.

आज सकाळी कामाला बसलो. जुने गंजके स्क्रू कसेबसे निघाले, पण भोकं इतकी सैल की नवा स्क्रू नुसताच गरगर फिरायचा. मग बाबांची युक्ती आठवली. काडेपेटीच्या काड्यांचा गूल काढून, त्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकल्या, वाळल्यावर वरचं टोक कापलं. स्क्रूला थोडा साबण चोळून पिळला. घट्ट!

जुनी पितळी कडी भंगारात टाकायला आई तयार नाही. "अरे, तुझ्या आजोबांनी बसवलीय ती." सध्या मुक्काम देवघराच्या खणात.

नवी कडी एका बोटाने सरकते. मी मात्र संध्याकाळी सवयीने दाराला खांदा लावला आणि थेट बादलीवर जाऊन आदळलो.