आमची वाटचाल: कोकणच्या पावसात टिकणारी अंगणं

आमच्या कामाचं मूळ कोब्यात आहे. वडील गवंडी. दापोली, गुहागरकडच्या कितीतरी घरांत ओटीचे, माजघराचे लाल कोबे त्यांनी घातले. ओल्या थरावर सिमेंट आणि रेड ऑक्साइड भुरभुरवायचं आणि पोलादी थापीने घोटत राहायचं, हात भरून येईपर्यंत. पण एक गोष्ट ते कटाक्षाने पाळत. ओटी घोटायची, पायरी नाही. पायरीवर, न्हाणीत आणि विहिरीच्या कट्ट्यावर ओल्या सिमेंटमध्ये दोरी दाबून रेघा काढायच्या, म्हणजे ओला पाय सटकत नाही. आज आम्ही अंगणांसाठी स्टॅम्प काँक्रीट, म्हणजे ठसे उमटवलेलं काँक्रीट, करतो, खडी उघडी ठेवलेले रस्ते करतो, पेव्हर ब्लॉक बसवतो, पण पहिला विचार त्या दोरीच्या रेघांचाच असतो.

स्टॅम्प काँक्रीट मी शिकलो पुण्यात, एका ठेकेदाराकडे. ही पद्धत अमेरिकेतली. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी ती बसवली. ओलं काँक्रीट सपाट करायचं, त्यावर वरचा थर कडक करणारी रंगीत हार्डनर पावडर हाताने फेकायची, चौरस मीटरला साधारण 3 किलो, ती रंध्याने आत मुरवायची, मग साचा चिकटू नये म्हणून रिलीज पावडर, आणि त्यावर रबरी साचे ठेवून ठोकायचे. दगडी फरशी, लाकडी फळ्या, विटा, हवा तो ठसा उमटतो. पुण्यातल्या बंगल्यांच्या दारात ते छान दिसायचं. गावी परतताना मनात एकच प्रश्न होता. कमी पावसाच्या मुलखातली ही कला रत्नागिरी जिल्ह्यात कशी टिकायची? इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत सावलीतल्या कुठल्याही सपाट जागेवर शेवाळ धरतंच.

सुरुवातीचं काम ओळखीतल्यांचं. केळशीकडच्या एका घरी अंगणाचं माप घेत होतो तर आजी ओटीवरून म्हणाल्या, "अरे, रंग कसला विचारतोस? आषाढात मी यावरून तुळशीपाशी जाईन ना, तेवढं सांग." त्यांच्या अंगणात आम्ही खोल ठशाचा, खडबडीत दगडाचा साचा वापरला आणि उतार वाढवला. साधारणपणे शंभराला एक उतार पुरतो असं सांगतात. आम्ही अंगणाला पन्नासाला एक ठेवतो, म्हणजे दहा फुटांत जवळजवळ अडीच इंच. नजरेला कळत नाही, पाण्याला कळतं.

खरा घोळ सीलरचा, म्हणजे काँक्रीटवर शेवटी देतात त्या संरक्षक द्रावणाचा, असतो. गिऱ्हाइकाला चमक हवी असते, आणि चकचकीत अॅक्रिलिक सीलरचा जाड थर पावसात अतिशय निसरडा होतो. समुद्रालगतच्या एका होमस्टेच्या उतारावर आधीच्या कुणी असाच थर दिला होता. जुलैत पाहुणे तिथून चालायलाच तयार नव्हते. आम्ही तो थर काढला आणि आत मुरणारा सिलेन-सिलॉक्सेन जातीचा सीलर दिला. तो वर पापुद्रा धरत नाही, पण पाणी आणि खाऱ्या हवेतलं मीठ आत शिरू देत नाही. जिथे रंग उठून दिसावा म्हणून अॅक्रिलिक द्यावंच लागतं, तिथे थर पातळ ठेवून त्यात बारीक कणांची पावडर मिसळतो. आणि काँक्रीट पुरतं सुकल्याशिवाय सीलर नाहीच. ओलाव्यावर दिला की खाली पांढुरका ढग धरतो आणि सगळा रंग मरतो. म्हणून सीलरचं काम आम्ही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करतो, सकाळचं दव उडून गेल्यावर.

उन्हाळ्याचीही वेगळी तऱ्हा. ऊन तापून खाडीकडून वारा सुटला की वरचं पाणी भराभर उडतं, खालचं काँक्रीट मात्र अजून मऊ असतं. मग केसासारख्या भेगा पडतात आणि ठसा मारायला जेमतेम वेळ उरतो. पुस्तकांत यावर वाऱ्याचा आडोसा करा असं लिहिलेलं असतं. आम्ही माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतो, वाऱ्याच्या अंगाला उभे आणि डोक्यावर आडवे. काम उजाडताच सुरू. अंगठा दाबला तर ठसा उमटला पाहिजे, पण अंगठ्याला काही चिकटता कामा नये. तो क्षण आला की साचे पडायलाच हवेत, तिथे कुणी चहाला थांबत नाही.

रेतीबाबत आम्ही हट्टी आहोत. खाडीच्या रेतीत मीठ असतं. त्यातल्या क्लोराइडने लोखंड गंजतं, आणि क्षार वर येऊन रंगावर पांढरे डाग धरतात. ती स्वस्त पडते हे खरं, तरी आम्ही खाणीतला दगड फोडून केलेली क्रश सँडच घेतो. मिश्रणाचं पाणी गोड्या विहिरीचं. अंगणाच्या चार इंची स्लॅबमध्ये शक्यतो लोखंडी जाळीऐवजी पॉलिप्रॉपिलीन फायबर, म्हणजे प्लास्टिकचे बारीक धागे, घनमीटरला 900 ग्रॅम. गंजायला काही उरतच नाही. आठ ते दहा फुटांवर इंचभर खोल सांधे कापतो, तेही दुसऱ्या दिवसाच्या आत. काँक्रीट आकसणारच, त्याने कुठे तडकायचं ते आपण ठरवायचं.

रंगांत मला सगळ्यात जास्त समाधान जांभ्याच्या छटेने दिलं. जांभा लाल दिसतो तो त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि आमचं रंगद्रव्यही लोहाचंच ऑक्साइड. त्यामुळे चिऱ्याच्या गडग्याशेजारी, म्हणजे जांभ्याच्या कुंपणभिंतीशेजारी, हे काँक्रीट परकं वाटत नाही. लाल, पिवळं आणि थोडं काळं ऑक्साइड मिळून सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत. त्याच्या पुढे घातलं तर रंग फारसा वाढत नाही, खर्च मात्र वाढतो. स्वस्त सेंद्रिय रंग आम्ही हातात धरत नाही, कारण ऊन आणि सिमेंटचा क्षार यांपुढे ते टिकत नाहीत.

उघड्या खडीचं काम मात्र मला स्टॅम्पपेक्षाही कोकणाला साजेसं वाटतं. वरच्या थरावर सेटिंग लांबवणारं द्रावण फवारायचं आणि दुसऱ्या सकाळी ब्रश आणि पाण्याने वरची सिमेंटची साय धुऊन काढायची. काळी खडी वर येते आणि पायाला पकड मिळते. वाड्यावाड्यांतल्या पाखाड्या पाहिल्यात ना? जांभ्याच्या खरबरीत पायऱ्या, भर पावसात डोक्यावर भारा घेऊन माणसं चढतात. तीच पकड आम्हाला हवी असते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात माड-पोफळी झोपल्या, घरांची छपरं उडाली. त्या वर्षी सजावटीचं काम कोण काढणार? आम्ही साचे बांधून ठेवले आणि पडलेल्या भिंती, पडव्या, साधे कोबे केले, जमेल तसे पैसे घेऊन. आमची बरीचशी पोरं टिकली ती त्या कामांवर. वादळानंतर आमचा एक नियमही पक्का झाला. फणसाच्या, माडाच्या बुंध्याभोवती ऐसपैस आळं मोकळं सोडायचं. मुळांना पाणी मिळतं, आणि फणसाची मुळं फुगली तरी स्लॅब उचलला जात नाही. कुणी अख्खी वाडी काँक्रीटने झाका म्हटलं तर आम्ही सरळ नको म्हणतो. विहिरीत पाणी कुठून यायचं? गाडीच्या चाकांपुरते दोन पट्टे, मधे गवत, आणि बाकी ठिकाणी फटींतून पाणी मुरणारे ब्लॉक, हे सुचवतो. पैसे आम्हाला कमी मिळतात, ते चालतं.

आता आमच्याकडे आसपासच्या गावांतली मुलं कायमची आहेत. थापीवर सर्वांत चांगला हात ज्याचा आहे तो वडिलांकडे कोबा शिकलेला. वडील हल्ली साइटवर येतात ते अनवाणी चालून बघायला.

एक विनंती. गणपतीला घरी यायचंय आणि अंगण तयार हवं, असा फोन मुंबईहून जूनमध्ये येतो. तेव्हा आम्ही काम घेत नाही. जमीन दिवाळीनंतर सुकायला लागते, खोदाई आणि सोलिंग, म्हणजे खालचा दगडांचा थर, डिसेंबरात व्हावं, काँक्रीट मार्चच्या आत. तेव्हा दिवाळीला गावी याल तेव्हाच माप घ्यायला बोलवा, आणि त्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही अंगणात बोलावून ठेवा.