ताडपत्रीतले पाणी

होळी पौर्णिमेला असते, त्यामुळे धुळवडीच्या दिवशी खाडीला उधाण असणार, हे आमच्या किनाऱ्यावर लहान मुलालाही सांगावे लागत नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. त्या हिशेबाने प्रतिपदेची भरती दुपारी बारानंतर थोड्याच वेळात पूर्ण होते आणि तिथून अंधार पडेपर्यंत पाणी समुद्राकडे ओढ घेत राहते. हे सारे ठाऊक असूनही गेल्या धुळवडीला मी दुपारी साडेतीनची फेरी स्वीकारली, कारण मोठ्या गटांसाठी बोट भाड्याने देणाऱ्याला वर्षातून अशा चार-पाचच तारखा मिळतात. पावसाळ्यात बोट किनाऱ्याला बांधलेली असते, कर्जाचे हप्ते मात्र बारा महिने चालू राहतात. ती फेरी घेतली याबद्दल मला खंत नाही, कारण ओहोटीत बोट चालवणे हे आमचे रोजचे काम आहे. त्या दिवशी बोटीवर काय चढले आणि ते मला का दिसले नाही, हे मात्र अजून मनातून जात नाही.

माझी बोट तारकर्ली-देवबागच्या बाजूला कर्ली खाडीत चालते. देवबाग ही जमिनीची अरुंद पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. संगमावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, त्यामुळे आदल्या वर्षीची खोल वाट पुढच्या वर्षी तिथेच सापडेल याची खात्री नसते. दुपारी वायव्येचा वारा सुटला आणि त्याच्या तोंडावर ओहोटीचे पाणी बाहेर पडू लागले की संगमावर लाटा उभ्या राहतात आणि जागच्या जागी फुटतात. पाहुण्यांना ते दृश्य जवळून पाहायचे असते. आम्ही ते लांबून दाखवतो आणि बोट माघारी वळवतो.

या धंद्यात येण्यापूर्वी मी एकोणीस वर्षे मुंबई बंदरात टगांच्या, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटींच्या, इंजिनांवर काम केले. गावी परतून स्वतःची बोट बांधायची ठरवली, तेव्हा ओळखीच्या लोकांनी रोषणाई, आवाजाची यंत्रणा आणि वरच्या मजल्यावरच्या काचेच्या कठड्याबद्दल सल्ले दिले. बोट कलली तर ती सरळ कशी होणार, असे कोणीही विचारले नाही. माझा सर्वांत जास्त वेळ त्याच प्रश्नावर गेला. अठरा मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद अशी ती दुमजली लोखंडी बोट पाण्यात उतरवल्यावर तिची कलण्याची चाचणी झाली, तो दिवस मला अजून बारकाईने आठवतो. त्यासाठी वारा पडलेली पहाट निवडली होती. दोर सैल सोडले, टाक्या एक तर काठोकाठ भरल्या किंवा पूर्ण रिकाम्या केल्या, कारण अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी हिशेब बिघडवते. मधल्या खांबाला लांब ओळंबा टांगला आणि तो डुलत राहू नये म्हणून त्याचे वजन तेलाच्या बादलीत बुडवले. मग प्रत्येक गोणी तराजूवर तोलून वाळूच्या गोण्या डाव्या कडेवरून उजव्या कडेला नेल्या, आणि दर खेपेला ओळंब्याची दोरी किती सरकली त्याची पेन्सिलीने खूण केली. त्या खुणांवरून बोटीचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे ते काढतात. जहाजांच्या स्थिरतेच्या आंतरराष्ट्रीय संहितेत एका प्रवाशाचे वजन ७५ किलो धरलेले असते आणि सगळे प्रवासी एका बाजूला जमले तरी बोट दहा अंशांहून अधिक कलता कामा नये, असा दंडक आहे. त्या कसोटीवर माझी बोट साठ प्रवाशांसाठी उतरली, त्यांपैकी वरच्या मजल्यावर एका वेळी पंचवीस. हे दोन आकडे मी जिन्यापाशी मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आहेत.

ते अठ्ठावन्न पाहुणे कोल्हापूरच्या बाजूच्या एका कारखान्यातले कर्मचारी आणि त्यांच्या घरची माणसे असे होते. ठरवाठरव कार्यक्रमाचे कंत्राट घेतलेल्या एका तरुणाने केली होती. तो स्वतःची सहा माणसे घेऊन आला आणि ती मोजायची नसतात असे मला सांगू लागला. ‘ती पाहुणे नाहीत, आमची कामाची माणसे आहेत,’ हे वाक्य मी या धंद्याच्या पहिल्याच वर्षात इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याचा आता राग येत नाही, पण पाण्याला पाहुणा आणि कामगार यांतला फरक कळत नाही, हे दर वेळी नव्याने सांगावे लागते. दोघांना ठेवून घेतले आणि चौघांना धक्क्यावर उतरवले. ध्वनिवर्धकांचे जड खोके वर न्यायला निघाले होते, ते खाली ठेवायला लावले. त्यांच्या सामानात पाचशे लिटरची एक निळी टाकी होती. माझे तांडेल, म्हणजे सुकाणू सांभाळणारे, साठीच्या पुढचे आहेत, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांनी टाकीकडे बोट दाखवून विचारले, ‘‘ही टाकी कित्याक?’’ कंत्राटदार म्हणाला, रंग लागलेले हातपाय धुवायला. मी टाकी एका हाताने उचलून पाहिली, ती रिकामी होती. रिकाम्या टाकीचे वजन ते काय, असा विचार करून मी मान डोलावली. आबा आणखी काही बोलले नाहीत, पण टाकीवरची नजर त्यांनी लगेच काढली नाही.

निघून वीसेक मिनिटे झाली असतील. मी खाली इंजिनाजवळ होतो. संगीत चालू असतानाही जनित्राचा आवाज मला वेगळा ऐकू येतो, आणि तो एकाएकी दबला, म्हणजे त्याच्यावर ठरल्यापेक्षा जास्त भार आला. एखादा मोठा दिवा लावला असेल असे आधी वाटले. मग पायाखाली काहीतरी बदलल्याचे जाणवले. बोट हलली की ती एका बाजूला जाऊन परत येते. ते एक पूर्ण डोलणे माझ्या बोटीला चार-साडेचार सेकंद लागते, हे मी इतक्या वेळा मोजले आहे की ते मोजण्याची गरज उरलेली नाही. त्या दिवशी ती एका बाजूला गेली आणि तिथे क्षणभर थांबल्यासारखी झाली. मी घड्याळ काढले. सहा सेकंद, आणि पुढच्या वेळी सहाच्याही वर. बाहेरच्या माणसाला असे संथ डोलणे सुखाचे वाटते. बोटीवरच्या माणसाला त्याचा अर्थ असा कळतो की तिची सरळ होण्याची ताकद निम्म्यावर आली आहे. त्याच वेळी आबांनी वरून हाक मारली, ‘‘बोट परतूक वेळ लावता, बघ मरे!’’

मी जिना चढून वर गेलो. वरच्या मजल्यावर एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत ताडपत्री पसरलेली होती आणि तिच्या कडा वीतभर उचलून कठड्याला बांधल्या होत्या. पाणी वाहून जावे म्हणून मी कडेने ठेवलेली सगळी भोके त्यामुळे बंद झाली होती. निळी टाकी कठड्यालगत उभी होती, बोटीवरून खाडीत सोडलेला एक छोटा पंप ती भरत होता, आणि छताच्या नळ्यांतून पावसासारखे पाणी खाली पडत होते. त्या घोटाभर रंगीत पाण्यात पंचवीसच्या जागी चाळीसहून अधिक माणसे नाचत होती. बहुतेकांनी तरंगजॅकेटे काढून कोपऱ्यात टाकली होती, कारण जॅकेट घातलेले फोटो चांगले येत नाहीत.

कळशीतून पाणी वाहून नेताना ते सांडत नाही, आणि तेवढेच पाणी परातीत घेतले तर चार पावलेही धड टाकता येत नाहीत, हे प्रत्येक घरात माहीत असते. परातीतले पाणी ज्या बाजूला कल असेल त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. माझ्या बोटीच्या सर्वांत उंच मजल्यावर पाच मीटर रुंदीची परात भरून ठेवलेली होती, ती दर मिनिटाला अधिक भरत होती, आणि तिच्या भोवती माणसे एका तालावर उड्या मारत होती.

मोठ्याने ओरडून सर्वांना खाली पाठवावे, हा कोणालाही सुचणारा उपाय होता. माझ्या मनातही तोच प्रथम आला, पण जिना एकच आहे आणि तो डाव्या अंगाला आहे. घाबरलेली चाळीस माणसे एकदम त्या जिन्याकडे गेली असती, तर जे टाळायचे तेच मी ओढवून घेतले असते. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटून ४५ जण गेले, तेव्हा जनावरे पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला जमल्याचे सांगितले गेले. ३० मार्च २००६ रोजी बाहरीनच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर कंपनीच्या पार्टीसाठी घेतलेली बोट उलटली आणि ५८ जण बुडाले, त्यांत आपल्या देशातले अनेक होते. या दोन्ही घटना मी बोट बांधण्यापूर्वी बारकाईने वाचल्या होत्या, आणि त्या क्षणी त्या दोन्ही एकदम आठवल्या.

बोट वळवताही येत नव्हती, कारण वळताना ती बाहेरच्या बाजूला कलते. सरळ ठेवावी तर ओहोटी तिला संगमाकडे नेत होती. आबांनी माझ्याकडे न पाहताच सांगितले, ‘‘आता वळवूक जमाचा नाय. पाण्याक वाट दी आधी.’’ त्यांनी दोन्ही इंजिने अगदी हळू मागे घेतली आणि ओहोटीच्या विरुद्ध जोर धरून बोट सरळ ठेवली. एकदा डावे, एकदा उजवे असे जरा जरा सांभाळत त्यांनी पुढची सात मिनिटे ज्या हाताने काढली, तो हात कोणत्याही परवान्याच्या परीक्षेत मोजला जात नाही. मी जनित्रावरची वरची वीज तोडली. पंप आणि संगीत दोन्ही बंद पडले. लोकांनी ओरडा केला, पण नाचणे थांबले. आमच्या स्वयंपाकिणीला मी खालून हाक मारायला सांगितले की वडे-सागोती गरम आहे, पहिल्या दहा जणांनी यावे, बाकीच्यांना मागून बोलावते. जिन्याच्या तोंडाशी खलाशी उभा केला आणि दोघादोघांना सोडायला लावले. मग मासळीची सुरी घेऊन पाणी जिकडे जमले होते त्या कोपऱ्यात ओणवा झालो आणि ताडपत्री खालपर्यंत फाडली. गुलाबी पाणी भोकातून जोराने बाहेर पडले. तिथून मी कडेकडेने पुढे सरकत प्रत्येक भोकापाशी ती फाडत गेलो. कंत्राटदार माझ्या मागे उभा राहून ताडपत्रीचे पैसे मागत होता.

पाणी उतरले, तीस-एक माणसे खाली गेली, आणि बोट पूर्वीसारखी चटकन सरळ होऊ लागली. संगमावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज तोवर स्पष्ट ऐकू येत होता. आबांनी मोठा वळसा घेतला आणि आम्ही ठरल्या वेळेच्या तासभर आधी धक्क्याला लागलो.

उतरताना पाहुणे नाराज होते. वीज गेली आणि मालकाने मुलांचा खेळ बिघडवला, एवढेच त्यांनी पाहिले होते, आणि भाड्यातली चौथाई परत द्यावी असा त्यांचा आग्रह होता. मी ती दिली. त्या वेळी कारण सांगितले नाही. लहान मुले ओल्या कपड्यांनी आयांना बिलगून उभी होती, आणि त्यांच्यासमोर तो विषय काढण्याचे धैर्य मला झाले नाही. हे योग्य होते की नाही, यावर आबांचे आणि माझे मत जुळत नाही. त्यांच्या मते माणूस भ्याला की पुन्हा पाण्यावर येत नाही, आणि त्याने यावे. मला वाटते की ती माणसे पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या बोटीवर तीच ताडपत्री बांधतील.

१९१७ सालचा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा आला, आणि तपासणी व नोंदणीची शिस्त त्यात आहे. तिचे मी मनापासून स्वागत करतो. पण कोणताही तपासणीस दर फेरीला धक्क्यावर उभा राहू शकत नाही. पार्टीच्या बोटीवर माणसे मोजली जातात. बर्फाच्या पेट्या, ध्वनिवर्धक, सजावटीच्या कमानी आणि पाणी कोणी मोजत नाही. हे सर्व मोजणे माझे काम होते. वाळूच्या गोण्या तोलणाऱ्या माणसाने रिकामी टाकी पाहून समाधान मानले, आणि टाकी असेल तर ती कोठून भरणार हा साधा प्रश्न विचारला नाही. आबांनी तो विचारला होता. मी त्याचे उत्तर दुसऱ्याला देऊ दिले.

आता धक्क्यावर काट्याचा तराजू आहे. वरच्या मजल्यावर कोणतेही भांडे, टाकी किंवा ताडपत्री जात नाही, आणि भोकांना लोखंडी जाळी अशी बसवली आहे की ती झाकताच येऊ नयेत. या अटी वाचून दोन बुकिंगे रद्द झाली.

महिनाभराने मी त्या गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना फोन केला. परत दिलेल्या रकमेची पावती त्यांच्या नावे होती, म्हणून क्रमांक माझ्याकडे होता. मी सर्व काही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘माझी नात त्या टाकीला टेकून उभी होती.’’ मी म्हणालो की मला आठवते, पिवळ्या फ्रॉकमधली. त्यांनी विचारले, हे त्याच दिवशी का सांगितले नाहीत. मी मुलांचे कारण दिले, आणि देतानाच ते अपुरे आहे हे मला जाणवले. त्यांनाही ते पटले नसावे. पुढच्या सहलीसाठी त्याच कंत्राटदाराने धरणाच्या जलाशयावरची बोट ठरवली आहे, असे त्यांनी सांगितले आणि त्या बोटीच्या मालकाला काय काय विचारायचे ते मला विचारू लागले. मी वरच्या मजल्याची मर्यादा, पाणी जाण्याची भोके आणि जिने किती, इथून सुरुवात केली. त्यांनी मला थांबवले आणि कोणाला तरी कागद आणायला सांगितले.