सहा बाटल्या, सहा सह्या

लंडनमधल्या एका लिलावगृहाच्या वाइन विभागात मी काम करते. विकायला आलेली बाटली तपासायची आणि कॅटलॉगमध्ये तिचं वर्णन लिहायचं. त्या दिवशी टेबलावर दोम पेरिन्यों या शॅम्पेनची, १९९६ सालच्या द्राक्षांची, सहा बाटल्यांची पेटी आली. प्रत्येक बाटलीच्या काळसर हिरव्या काचेवर रुपेरी मार्करने केलेली रिशार जोफ्रुआ यांची सही. १९९० ते २०१८ दोम पेरिन्योंची सूत्रं याच माणसाकडे होती. शिक्षणाने डॉक्टर, पण रमला शॅम्पेनमध्ये. त्यात १९९६ चं साल असं, की द्राक्षांत साखरही भरपूर आणि आंबटपणाही. अशी शॅम्पेन दीर्घकाळ टिकते, म्हणून तिला अजून मागणी आहे.

सह्या आहेत म्हणजे दुप्पट भाव येणार, असं विकणाऱ्या बाईंना वाटत होतं. खूप जणांना तसंच वाटतं. १९६७ साली फ्रान्समधली ल मांची मोटारशर्यत जिंकून डॅन गर्नीने शॅम्पेन उडवली, बाटलीवर सही केली आणि ती एका छायाचित्रकाराला दिली. त्याने तिचा दिवा करून ती वर्षानुवर्षं घरात ठेवली. तिथे मोल सगळं सहीचं, कारण बाटली रिकामी होती. भरलेली बाटली घेणारा ती कधीतरी उघडणार असतो. सही झाली म्हणजे बाटली तळघरातून बाहेर आली, कुठल्या तरी दालनात दिव्यांखाली उभी राहिली, आणि प्रकाश तर शॅम्पेनचा वैरी. लुई रोडेररची क्रिस्टाल ही शॅम्पेन पारदर्शक काचेत येते, म्हणूनच तिला पिवळं सेलोफेन गुंडाळलेलं असतं. त्यामुळे सही खरी की खोटी याइतकंच मला हेही बघावं लागतं, की बाटली कुठे कुठे फिरली.

पाच बाटल्यांवर शाई एकसंध होती. सहावीवर मात्र रेघ मध्येच तुटलेली आणि तुटल्या जागी शाईचे बारीक ठिपके साचलेले. भिंग लावून बराच वेळ बघितलं. कोरड्या काचेवर मार्कर असा फुटत नाही. काच ओली होती, म्हणजे सही झाली तेव्हा बाटली गार होती.

बाईंना फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, "ती ना? ती आम्ही त्या रात्री जेवणाबरोबर उघडणार होतो. बर्फातून काढली, तेवढ्यात त्यांनी तिच्यावरही सही केली. मग आमच्या ह्यांनी ती कुणाला उघडूच दिली नाही." दोन दिवसांनी त्या मेजवानीचा फोटो आला. टेबलावर बर्फाची बादली, शेजारी पेटी, आणि जोफ्रुआंच्या हातात मार्कर. खरेदीची पावती आणि गोदामाचे कागद आधीच हाती होते. ज्या डागाने मला शंका आली, त्याच डागाने पेटीची हकीकत पक्की केली.

एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की गार केल्याचं लिहू नये, भाव पडेल. मला ते अजिबात पटलं नाही. एकदा गार केल्याने शॅम्पेन बिघडत नाही, पण पैसे मोजणाऱ्याला ते कळायलाच हवं. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली रूडी कुर्नियावान बनावट वाइनच्या प्रकरणात दोषी ठरला, त्यानंतर तर या धंद्यात लपवाछपवीला जागाच उरता कामा नये. मी दोन ओळी लिहिल्या आणि फोटोही छापायला लावला.

बोली १,२०० पाउंडांवर सुरू झाली. सभागृहातले दोघे लवकर थांबले. मग एक फोनवरचा आणि एक ऑनलाइन, अशी शंभर-शंभरने चढाओढ लागली. २,१०० वर एकवार, दोनवार झालं आणि हातोडा पडला. दुप्पट नाही, पण राखीव किमतीच्या, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही त्या आकड्याच्या, बराच वर. बाईंना मी स्वतः फोन करून आकडा सांगितला.

पेटी फोनवरच्या गिऱ्हाइकाला गेली. पैसे भरताना त्याने एवढंच विचारलं, की तुटक सहीची बाटली वेगळी बांधून पाठवता येईल का. त्याला तीच आधी उघडायची होती.